प्रवासातलं इंग्रजी : तिकिटावर, मेसेजमध्ये आणि रस्त्याच्या पाटीवर येणारे शब्द नीट समजून घ्या

कोल्हापूर : रेल्वेचं तिकीट आता मोबाइलवर निघतं, एसटीची सीट मोबाइलवर ठरते, टोलचे पैसे न सांगता कापले जातात. या सगळ्याचे मेसेज येतात ते बहुतेक इंग्रजीत. आलेला मेसेज वाचला नाही किंवा अर्धाच कळला, तर त्याची किंमत पैशात मोजावी लागते. 'शॉर्ट टर्मिनेटेड ॲट मिरज' असा मेसेज आला आणि त्यातलं फक्त 'मिरज' समजलं, तर माणूस कोल्हापूरच्या फलाटावर उभा राहतो आणि गाडी मिरजेतूनच माघारी जाते.

शाळेत इंग्रजी शिकलेल्या, थोडंफार वाचता येणाऱ्या माणसाला प्रवासाचं इंग्रजी अवघड नाही. तिकीट, स्टँड, डेपो, कंडक्टर, ड्रायव्हर, पास, सीट, ब्रेक, हॉर्न, टायर, सिग्नल, बायपास हे शब्द आपण रोज बोलतो. अडचण दोन ठिकाणी येते. काही शब्द आपण एका अर्थाने वापरतो आणि इंग्रजीत त्यांचा अर्थ वेगळा असतो. आणि काही शब्द फक्त तिकिटावर किंवा मेसेजमध्येच भेटतात, बोलण्यात कधी येत नाहीत. या दोन प्रकारच्या शब्दांची ही माहिती आहे.

मराठीत एक शब्द, इंग्रजीत चार

'भाडे' हा शब्द बघा. आपल्याकडे एसटीचं भाडं, खोलीचं भाडं, जीपचं भाडं आणि ट्रकचं भाडं सगळं एकच. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे.

• फेअर : प्रवासी बस, रेल्वे, रिक्षात बसण्यासाठी देतो ते. 'व्हॉट इज द फेअर टू निपाणी?' म्हणजे निपाणीला किती तिकीट?
• रेंट : घर, खोली, दुकानाचं भाडं.
• हायर : गाडी तात्पुरती भाड्याने घेणं. लग्नाला जीप ठरवली तर 'वी हायर्ड अ जीप'.
• फ्रेट : मालाच्या वाहतुकीचं भाडं. गुळाच्या रव्यांचा ट्रक मार्केट यार्डातून बाहेरगावी गेला तर त्याचं भाडं म्हणजे फ्रेट.

'गाडी' या शब्दाचंही तसंच. आपण एसटीला गाडी म्हणतो, रेल्वेला गाडी म्हणतो, मोटारसायकललाही गाडीच म्हणतो. इंग्रजीत बस, ट्रेन, कार, बाइक असं नेमकं सांगावं लागतं. अर्जात किंवा विम्याच्या कागदावर 'व्हेइकल' असेल तर कोणतंही वाहन. 'टू-व्हीलर' म्हणजे दुचाकी, 'फोर-व्हीलर' म्हणजे चारचाकी आणि 'एचएमव्ही' म्हणजे जड वाहन.

'प्रवास' या शब्दाला तीन पर्याय आहेत. 'जर्नी' म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं. तिकिटावर 'डेट ऑफ जर्नी' असतं ती प्रवासाची तारीख. 'ट्रिप' म्हणजे जाऊन परत येणं. 'टूर' म्हणजे चार ठिकाणं फिरून येणं. 'ट्रॅव्हल' हे मुख्यतः क्रियापद आहे. 'आय ट्रॅव्हल बाय बस' म्हणजे मी बसने जातो.

'उतरणे' सांगताना वाहन बघावं लागतं. बस किंवा रेल्वेतून उतरायचं तर 'गेट ऑफ', कार किंवा रिक्षातून उतरायचं तर 'गेट आउट'. आपल्या देशात 'गेट डाउन' सगळीकडे समजतं, त्यामुळे तसं म्हणायला लाजू नये. मेट्रोच्या घोषणेत 'अलाइट' हा शब्द ऐकू येतो, त्याचाही अर्थ उतरणे.

आपल्याकडे चालतात, बाहेर अडतात

गॅरेजमध्ये, स्टँडवर आपण जे शब्द इंग्रजी समजून वापरतो त्यातले काही बाहेर कुणाला कळत नाहीत, किंवा वेगळेच कळतात.

• ट्रॅव्हल्स : 'रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेलो' असं आपण म्हणतो. इंग्रजीत ट्रॅव्हल्स म्हणजे तिकीट काढून देणारी किंवा गाड्या चालवणारी कंपनी. त्या गाडीला 'प्रायव्हेट बस' म्हणायचं. झोपून जायची असेल तर 'स्लीपर बस', बसून जायची असेल तर 'सीटर'.
• वडाप : आपला हक्काचा शब्द, पण राज्याबाहेर सांगून उपयोग नाही. 'शेअर्ड जीप' किंवा 'शेअर ऑटो' म्हणा.
• डिकी : कारच्या मागचा सामानाचा कप्पा. विमानतळावर किंवा हॉटेलच्या गेटवर 'ओपन द बूट' असं म्हटलं तर डिकी उघडायची आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या तोंडी त्यालाच 'ट्रंक' असतं.
• स्टेपनी : जादाचं चाक. हा शब्द मूळचा ब्रिटनमधल्या वेल्सचा. तिथल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास असं जादाचं चाक विकायला सुरुवात केली. नाव तिथून जगभर गेलं. आपल्याकडे टिकलं, इंग्लंडमध्ये मात्र आज 'स्पेअर व्हील' म्हणतात.
• डबल सीट : दुचाकीवर मागे बसणाऱ्याला 'पिलियन रायडर' म्हणतात. 'हेल्मेट फॉर पिलियन' म्हणजे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं.
• गाडी लागते : घाटात पोटात ढवळतं ते. याचं शब्दाला शब्द इंग्रजी करू नका. 'आय फील सिक' किंवा 'आय गेट कारसिक' पुरेसं आहे. औषधाच्या दुकानात 'मोशन सिकनेस' म्हटलं की गोळी मिळते.
• गाडी चुकली : 'आय मिस्ड द बस.' इथे 'राँग' हा शब्द येत नाही. चुकीच्या गाडीत बसलात तर मात्र 'आय गॉट ऑन द राँग बस'.

एका शब्दाचे दोन अर्थ असण्याची भानगडही आहे. 'लेफ्ट' म्हणजे डावीकडे, पण 'द बस हॅज लेफ्ट' म्हणजे गाडी सुटली. 'फाइन' म्हणजे छान, पण पाटीवर 'फाइन' आणि पुढे रक्कम असेल तर तो दंड. 'कोच' म्हणजे खेळाचा प्रशिक्षक, पण तिकिटावर 'कोच' म्हणजे डबा. 'बर्थ' तर फारच फसवा. अर्जात 'डेट ऑफ बर्थ' म्हणजे जन्मतारीख आणि तिकिटावर 'लोअर बर्थ' म्हणजे खालची झोपण्याची जागा. उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं. जन्माचा बर्थ 'बी-आय'ने सुरू होतो, रेल्वेचा 'बी-ई'ने.

रेल्वेच्या तिकिटावर काय लिहिलेलं असतं

कोल्हापूरला रेल्वे १८९१ साली आली. आज छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस, गोंदियाला महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि तिरुपतीला हरिप्रिया एक्स्प्रेस जाते. ॲपमध्ये स्टेशन शोधताना गोंधळ झाला तर कोल्हापूरचा कोड 'केओपी' आणि मिरजेचा 'एमआरजे' टाकावा.

'टर्मिनस' म्हणजे जिथे लोहमार्ग संपतो ते शेवटचं स्टेशन. 'जंक्शन' म्हणजे जिथे मार्ग फुटतात ते. म्हणून कोल्हापूर टर्मिनस आहे आणि मिरज जंक्शन.

तिकिटावरचे महत्त्वाचे शब्द असे :

• पीएनआर : तिकिटाचा दहा आकडी नंबर. तिकिटाची स्थिती याच नंबरावर कळते.
• सीएनएफ, म्हणजे कन्फर्म्ड : जागा पक्की. पुढे डबा आणि जागेचा नंबर असतो.
• आरएसी : प्रवास करता येतो, बसायला जागा नक्की मिळते, पण बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना मिळून. कुणी तिकीट रद्द केलं तर पूर्ण बर्थ मिळू शकतो.
• डब्ल्यूएल, म्हणजे वेटिंग लिस्ट : जागा मिळालेली नाही. हे तिकीट हातात असलं तरी स्लीपर किंवा एसी डब्यात बसण्याचा हक्क मिळत नाही.
• रिग्रेट : आता वेटिंगचंही तिकीट मिळणार नाही.
• अव्हेलेबल : जागा शिल्लक आहेत. पुढचा आकडा किती शिल्लक आहेत ते सांगतो.

वेटिंगपुढे दोन आकडे दिसतात, उदाहरणार्थ 'डब्ल्यूएल २३, डब्ल्यूएल ७'. पहिला आकडा तिकीट काढताना होता तो, दुसरा आजचा. म्हणजे २३ वरून ७ वर आलंय. आधी 'बुकिंग स्टेटस' आणि मग 'करंट स्टेटस' असं लिहिलेलं असतं. बघायचं ते करंट.

'चार्ट प्रिपेअर्ड' असं दिसलं की डबे आणि जागांची अंतिम यादी तयार झाली. चार्टनंतरही सगळे प्रवासी वेटिंगवर राहिले तर ऑनलाइन काढलेलं तिकीट आपोआप रद्द होतं आणि थोडी कपात होऊन पैसे खात्यावर परत येतात. खिडकीवर काढलेलं वेटिंग तिकीट मात्र आपोआप रद्द होत नाही. ते गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी स्वतः रद्द करावं लागतं. इथेच अनेकांचे पैसे जातात.

'एसएल' ही अक्षरंही जपून वाचा. तिकिटाच्या वरच्या भागात 'क्लास'समोर एसएल असेल तर तो स्लीपर डबा. जागेच्या नंबरापुढे एसएल असेल तर साइड लोअर, म्हणजे बाजूची खालची जागा. 'एलबी' खालची, 'एमबी' मधली, 'यूबी' वरची आणि 'एसयू' बाजूची वरची. डब्यांची नावं 'एस'ने सुरू होतात ती स्लीपरची, 'बी'ने सुरू होतात ती थर्ड एसीची, 'ए'ने सुरू होतात ती सेकंड एसीची. मधल्या बर्थवर झोपण्याची वेळ रात्री १० ते सकाळी ६. त्याआधी खाली बसलेल्यांना उठवता येत नाही.

'तत्काळ' हा आपलाच शब्द, पण त्याचे नियम इंग्रजीत येतात. एसी डब्यांचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी १० वाजता सुरू होतं, बिगर एसीचं ११ वाजता. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असतं, म्हणजे आपण होऊन रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

बोर्डिंग स्टेशन : एक शब्द, मोठा फरक

'बोर्डिंग' म्हणजे गाडीत चढणं. 'फ्रॉम' आणि 'बोर्डिंग स्टेशन' हे दोन रकाने वेगळे असू शकतात. तिकीट कोल्हापूरपासून असेल पण चढायचं मिरजेत असेल, तर बोर्डिंग स्टेशन वेळेत बदलून घ्यावं. न बदलता पुढच्या स्टेशनवर चढायला गेलं तर आपली जागा दुसऱ्याला दिलेली असू शकते. आणि एकदा बदलून मिरज केलं की कोल्हापुरात चढण्याचा हक्क राहत नाही.

रेल्वेच्या मेसेजमधले पाच शब्द

गाडीबाबत बदल झाला की मेसेज येतो. त्यात हे शब्द असतात :

• डिलेड : गाडी उशिरा धावते आहे. 'लेट बाय २ अवर्स' म्हणजे दोन तास उशीर.
• रीशेड्यूल्ड : गाडी सुरुवातीच्या स्टेशनवरूनच नव्या वेळेला सुटणार. नवी वेळ मेसेजमध्येच असते. घरातून निघायच्या आधी ती बघा.
• डायव्हर्टेड : गाडी दुसऱ्या मार्गाने वळवली आहे. आपलं स्टेशन त्या मार्गावर नसेल तर ती आपल्याकडे येणारच नाही.
• शॉर्ट टर्मिनेटेड : गाडी शेवटच्या स्टेशनपर्यंत न जाता आधीच थांबणार. मुंबईहून येणारी गाडी मिरजेत शॉर्ट टर्मिनेट झाली तर पुढचे पन्नास-एक किलोमीटर आपल्याला आपलं जावं लागतं.
• शॉर्ट ओरिजिनेटेड : याच्या उलट. गाडी कोल्हापूरऐवजी पुढच्या स्टेशनवरून सुटणार. तिथपर्यंत आपण पोहोचायचं.

गाडी रद्द झाली तर 'कॅन्सल्ड' हा शब्द येतो. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि आपण प्रवासच केला नाही, तर पूर्ण पैसे मागता येतात. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याच्या आधी ॲपमध्ये 'टीडीआर' भरावा लागतो. 'फाइल टीडीआर' हे बटण म्हणजे परताव्याचा अर्ज. गाडी निघून गेल्यावर या कारणासाठी तो चालत नाही.

वेळ आणि तारीख

रेल्वेची वेळ २४ तासांच्या घड्याळात असते. २०:४५ म्हणजे रात्रीचे पावणेनऊ. मोठी चूक होते ती मध्यरात्रीच्या गाडीला. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:१० असेल तर १४ तारखेच्या रात्री जेवण करून स्टेशनवर जायचं. १५ तारखेच्या रात्री गेलात तर गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली असते.

बारा तासांच्या घड्याळात '१२ एएम' म्हणजे मध्यरात्र आणि '१२ पीएम' म्हणजे दुपारचे बारा. खासगी बसच्या तिकिटावर हे उलटं समजून अनेक जण फसतात. 'डिपार्चर' म्हणजे सुटण्याची वेळ, 'अरायव्हल' म्हणजे पोहोचण्याची. 'रिपोर्टिंग टाइम' म्हणजे आपण हजर व्हायची वेळ, ती सुटण्याच्या आधीची असते. 'ड्यू ॲट ९' म्हणजे ९ वाजता येणं अपेक्षित.

एसटी आणि सीमेपलीकडे

एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. एसटीच्या पाट्या मराठीत असतात, त्यामुळे 'विनाथांबा', 'विनावाहक', 'जलद' आपल्याला कळतं. ऑनलाइन तिकीट काढताना मात्र इंग्रजी येतं. 'सोर्स' म्हणजे कुठून, 'डेस्टिनेशन' म्हणजे कुठे, 'व्हाया' म्हणजे कोणत्या मार्गाने. कोल्हापूरहून गोव्याला जाताना व्हाया फार महत्त्वाचं. गाडी गगनबावड्यावरून जाते, राधानगरी आणि फोंडा घाटातून जाते की आजरा-आंबोलीतून, हे बघितल्याशिवाय तिकीट काढलं तर आपल्या गावाजवळून गाडी जाणारच नाही.

'कन्सेशन' म्हणजे सवलत. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. बेळगाव किंवा निपाणीला जाताना हद्दीपुढचं पूर्ण भाडं द्यावं लागतं. कर्नाटकच्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवास आहे, पण तो कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठी. कंडक्टर ओळखपत्र बघून 'ओन्ली कर्नाटका रेसिडेंट्स' म्हणाला तर वाद घालून उपयोग नाही, तिकीट घ्यायचं.

चंदगड, गडहिंग्लज, कागल, शिरोळ या तालुक्यांतल्या लोकांचं कर्नाटकात येणंजाणं रोजचं. कोणी दवाखान्यासाठी बेळगावला जातो, कोणी बाजाराला निपाणी, संकेश्वरला. सीमा भागात मराठी बोलून निभावतं. पण हुबळी, बंगळूरकडे गेल्यावर पाट्या कन्नड आणि इंग्रजीत असतात. तिरुपतीला गेल्यावर तेलुगू आणि इंग्रजीत. तिथे इंग्रजी पाटी वाचता येणं हाच आधार.

रस्त्यावरच्या पाट्या

पाटीचा आकार आधी बघा. लाल किनारीचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका आहे, सावध राहा. लाल किनारीचा गोल म्हणजे मनाई किंवा बंधन, न पाळल्यास दंड. निळा चौकोन म्हणजे नुसती माहिती, जसं की पेट्रोल पंप किंवा दवाखाना.

• गिव्ह वे : समोरच्या रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्या.
• डायव्हर्शन : काम चालू आहे, बाजूच्या रस्त्याने वळा.
• सर्व्हिस रोड : महामार्गाला लागून गावाच्या वाहतुकीसाठीचा रस्ता. ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी हाच बरा.
• एक्झिट : महामार्गावरून बाहेर पडायची जागा. चुकली तर मागे गाडी घेऊ नका, पुढच्या एक्झिटला वळा.
• अंडरपास : खालून जाणारा रस्ता. फ्लायओव्हर : वरून जाणारा.
• नॅरो ब्रिज : अरुंद पूल. हम्प : स्पीडब्रेकर.
• लँडस्लाइड प्रोन : दरड कोसळण्याची शक्यता. पावसाळ्यात घाटात ही पाटी दिसली तर तिथे फोटोला थांबू नका.
• रोड क्लोज्ड : रस्ता बंद. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं आणि वाहतूक बंद झाली. अशा वेळी मोबाइलवरचा नकाशा जुनाच रस्ता दाखवू शकतो. पाटी आणि पोलीस सांगतील ते खरं मानायचं.

नकाशाचा आवाज इंग्रजीत असेल तर चार वाक्यं लक्षात ठेवा. 'टेक द सेकंड एक्झिट' म्हणजे दुसऱ्या वाटेने बाहेर पडा. 'कीप लेफ्ट ॲट द फोर्क' म्हणजे रस्त्याला दोन फाटे फुटतात तिथे डावीकडचा धरा. 'स्लाइट राइट' म्हणजे किंचित उजवीकडे, पूर्ण वळायचं नाही. 'रीरूटिंग' म्हणजे तुमची वाट चुकली, नवा मार्ग शोधतोय.

टोलनाक्यावर फास्टॅगचे शब्द येतात. 'लो बॅलन्स' म्हणजे पैसे कमी. 'ब्लॅकलिस्टेड' म्हणजे टॅग बंद पडला आहे, कारण पैसे संपले असतील किंवा 'केवायसी पेंडिंग', म्हणजे कागदपत्रं देणं बाकी असेल. टॅग चालला नाही तर नेहमीच्या दरापेक्षा जादा भरावं लागतं. किणी नाक्याच्या रांगेत हे कळण्यापेक्षा घरून निघताना बघावं.

विमानाचे शब्द

उजळाईवाडीच्या विमानतळाची नवी इमारत मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. कोल्हापूर विमानतळाचा कोड 'केएलएच'. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी शब्द थोडेच आहेत. 'चेक-इन' म्हणजे आल्याची नोंद करून सामान देणं. 'बोर्डिंग पास' म्हणजे विमानात बसायचा कागद, तिकीट वेगळं आणि हा वेगळा. 'केबिन बॅगेज' म्हणजे हातातली पिशवी, साधारण ७ किलोपर्यंत. 'चेक-इन बॅगेज' म्हणजे पोटात टाकायचं सामान, देशातल्या प्रवासात बहुतेक वेळा १५ किलो. त्यापेक्षा जास्त झालं तर 'एक्सेस बॅगेज' म्हणून पैसे लागतात. चाकू, कात्री, विळी केबिन बॅगेजमध्ये चालत नाही.

'गेट क्लोज्ड' दिसलं की विमान समोर उभं असलं तरी आत घेत नाहीत. एसटीसारखं हात करून थांबवता येत नाही. 'नॉन-स्टॉप' म्हणजे मध्ये कुठेही न थांबणारं. 'डायरेक्ट' म्हणजे मध्ये थांबू शकतं, पण विमान बदलायचं नाही. 'कनेक्टिंग' म्हणजे मध्ये उतरून दुसऱ्या विमानात बसायचं.

विचारायला लागणारी वाक्यं

व्याकरण पक्कं नसलं तरी चालतं. सुरुवातीला 'एक्सक्यूज मी' म्हणा आणि हळू बोला.

• डज धिस बस गो टू बेलगावी? (ही बस बेळगावला जाते का?)
• व्हेअर शुड आय गेट डाउन फॉर द हॉस्पिटल? (दवाखान्यासाठी कुठे उतरू?)
• प्लीज टेल मी व्हेन द स्टॉप कम्स. (थांबा आला की सांगा.)
• विच प्लॅटफॉर्म फॉर हरिप्रिया एक्स्प्रेस? (हरिप्रिया कितव्या फलाटावर?)
• हॅज द ट्रेन लेफ्ट? (गाडी सुटली का?)
• व्हेन इज द नेक्स्ट बस? (पुढची बस कधी?)
• धिस इज माय सीट. प्लीज चेक युअर टिकट. (ही माझी जागा आहे. तुमचं तिकीट बघा.)
• माय फादर इज नॉट फीलिंग वेल. प्लीज कॉल द टीटीई. (वडिलांना बरं वाटत नाही. टीसीला बोलवा.)

आपण टीसी म्हणतो त्याला गाडीत 'टीटीई' म्हणतात. रेल्वेत कोणतीही अडचण आली तर १३९, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह कोणत्याही तातडीसाठी ११२. फोनवर सांगायचं असेल तर गाडीचा नंबर, डबा, जागा किंवा महामार्गावरच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगा. मदत त्याने लवकर पोहोचते.

इंग्रजी शब्दांच्या आडून फसवणूक

'रिफंड' म्हणजे परतावा. 'इनिशिएटेड' म्हणजे सुरू केला, 'प्रोसेस्ड' म्हणजे काम झालं, 'क्रेडिटेड' म्हणजे खात्यात जमा झाला. रद्द तिकिटाचा रिफंड ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने परत येतो. त्यासाठी कुणालाही ओटीपी द्यावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही, 'स्क्रीन शेअर' करावी लागत नाही. तसं मागणारा फोन आला तर ठेवून द्या.

'ई-चलन' म्हणजे वाहतूक दंडाची ऑनलाइन पावती. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने 'एपीके' अशी फाइल आली तर उघडू नका. ते ॲप असतं आणि फोनमधली माहिती चोरतं. दंड खरंच आहे का ते परिवहन खात्याच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. 'पेंडिंग' म्हणजे भरायचा बाकी, 'पेड' म्हणजे भरलेला, 'डिस्पोज्ड' म्हणजे निकाली निघालेला.

लक्षात कसं ठेवायचं

वेगळं पुस्तक घ्यायची गरज नाही. मोबाइलमध्ये जुन्या तिकिटांचे, टोलचे, रेल्वेचे मेसेज असतातच. एका मेसेजमधले न कळलेले दोन शब्द वहीत लिहा आणि समोर मराठी अर्थ लिहा. घरात कॉलेजला जाणारी मुलं असतील तर त्यांना विचारा, पण तिकीट काढताना मोबाइल त्यांच्याकडे देऊन मोकळं होऊ नका, शेजारी बसून प्रत्येक रकाना वाचा. 'फ्रॉम', 'टू', 'डेट', 'क्लास', 'बोर्डिंग', 'स्टेटस' हे सहा रकाने स्वतः वाचता आले की तिकिटातली बहुतेक चूक पैसे भरण्याआधीच सापडते.

प्रवासाच्या दिवशी निघण्याआधी दोन तास आणि दारातून बाहेर पडताना पुन्हा एकदा मेसेज बघा. त्यात 'रीशेड्यूल्ड', 'डायव्हर्टेड', 'शॉर्ट' किंवा 'कॅन्सल्ड' यांपैकी एकही शब्द दिसला तर आधी १३९ वर खात्री करा, मगच घराला कुलूप लावा.